अंगठ्याची गोष्ट पुरे, तिरकामठ्याचा इतिहास सांगा

गुरुपौर्णिमा आली की शाळाशाळांतून एकलव्याची गोष्ट सांगितली जाते. ९ ऑगस्टचा विश्व आदिवासी दिन आला की तीच गोष्ट मोबाईलवर दुसऱ्या रूपात फिरू लागते. भिल्ल बांधव आजही बाण सोडताना अंगठा वापरत नाहीत, कारण त्यांच्या पूर्वजाने तो गुरूला अर्पण केला, धन्य ती गुरुभक्ती! खाली जोडलेले हात आणि फुले. जळगाव-धुळ्यातले आपल्या चळवळीतले लोकही हा मजकूर भाबडेपणाने पुढे पाठवतात. आदिवासींचा गौरव होतोय, मग वाईट काय, असे त्यांना वाटते.

वाईट आहे, आणि ते का हे आम्हाला सविस्तर मांडायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : अंगठा न वापरता दोरी ओढणे ही तिरंदाजीतली एक पूर्ण विकसित, जगभर मान्य असलेली पद्धत आहे. तिला गुरुदक्षिणेचे लेबल लावले की कौशल्याची आज्ञाधारकता होते. आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, खानदेशातल्या आदिवासीच्या हातून तिरकामठा खरोखर कोणी आणि कधी काढून घेतला हा प्रश्नच त्या फुलांखाली झाकला जातो. त्या काढून घेण्याला तारखा आहेत, कायद्यांची नावे आहेत. पण ती कोणी मोबाईलवर पाठवत नाही.

आधी बाण कसा सोडतात ते पाहू

ज्या विषयावर वाद घालायचा तो विषय आधी समजून घ्यावा. म्हणून थोडे तंत्र.

उजव्या हाताचा तिरंदाज लक्ष्याकडे तोंड करून उभा राहत नाही. तो आडवा उभा राहतो, डावा खांदा लक्ष्याकडे. दोन्ही पावलांत खांद्यांएवढे अंतर. लक्ष्यापासून निघालेली रेघ दोन्ही पायांच्या बोटांना लागून जावी, हा झाला सरळ पवित्रा. डावे पाऊल त्या रेघेपासून थोडे मागे घेऊन छाती किंचित लक्ष्याकडे वळवली तर तो उघडा पवित्रा. नवशिक्याला बहुधा पहिला शिकवतात. वजन दोन्ही पायांवर सारखे, गुडघे ताठ ठोकलेले नकोत की वाकलेलेही नकोत, कंबर पुढे काढायची नाही, मागे झुकायचे नाही. जड धनुष्य उचलले की नवखा माणूस हमखास मागे कलतो आणि तिथेच त्याचा नेम जातो.

डाव्या हाताने धनुष्य मुठीत आवळायचे नसते. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल भागावर ते टेकवायचे आणि बोटे सैल सोडायची. मूठ आवळली की धनुष्य पिळते आणि बाण बाजूला जातो. कोपर थोडे बाहेरच्या बाजूला फिरवायचे, नाहीतर सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका मारते. काळानिळा झालेला हात ही नवशिक्याची ओळखच असते.

आता उजवा हात. तर्जनी बाणाच्या वर, मधले बोट आणि अनामिका बाणाच्या खाली. दोरी या तीन बोटांच्या पहिल्या पेराच्या आसपास आकड्यासारखी अडकवायची. करंगळी आणि अंगठा? दोघेही तळहातात दुमडून निवांत. अंगठ्याला इथे काहीच काम नाही. उलट तो मध्ये आला तर अडचण होते.

ओढायचे ते दंडाच्या ताकदीने नव्हे, पाठीने. दोन्ही खवाटे एकमेकांकडे सरकले पाहिजेत आणि उजवे कोपर बाणाच्या रेषेत यायला हवे. हात जबड्याखाली येऊन टेकतो, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला लागते. या टेकण्याला प्रशिक्षक 'अँकर' म्हणतात. दर वेळी अगदी तीच जागा हवी. का, ते हिशेबाने पाहा : ओढलेला बाण साधारण ७० सेंटिमीटर, लक्ष्य ७० मीटरवर, म्हणजे शंभरपट लांब. हनुवटीपाशी १ मिलिमीटरची चूक झाली तर लक्ष्यावर ती सुमारे १० सेंटिमीटर होते. ऑलिंपिकच्या १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचे असते. म्हणजे त्या एका मिलिमीटरने मधोमध लागणारा बाण दहाच्या वर्तुळाबाहेर पडतो.

शेवटी सोडणे. बोटे उघडायची नसतात, त्यांच्यातला ताण फक्त जाऊ द्यायचा असतो. दोरी आपोआप निसटते, हात मानेलगत मागे सरकतो आणि बाण लक्ष्यात रुतेपर्यंत शरीर आहे तसेच राहते.

ही झाली आजची ऑलिंपिक पद्धत. ऑलिंपिकमध्ये आज उतरणारे कोरियन असोत, फ्रेंच असोत की भारतीय, उजव्या अंगठ्याशिवायच दोरी ओढतात. मग त्यांच्यापैकी कोणाच्या पूर्वजाने अंगठा कापून दिला होता?

मग अंगठा कुठे लागतो?

दोरी ओढण्याची दुसरी एक पद्धत आहे. तीत अंगठ्याने दोरी अडकवतात आणि तर्जनीने अंगठ्याला कुलूप घालतात. मंगोल, तुर्क, मुघल यांच्या घोडदळाची ही पद्धत. शिंग, लाकूड आणि स्नायू एकत्र चिकटवून केलेले आखूड, जबर ताकदीचे धनुष्य असेल तर दोरी फार चिंचोळ्या कोनात येते आणि तीन बोटे तिच्यात चिमटतात. तिथे एकटा अंगठा बरा पडतो. तो कापू नये म्हणून त्यात जाड अंगठी घालतात. शाहजहानची अशी एक हिरव्या जेड दगडाची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पद्धतीचा फायदा म्हणजे झपाटा. एकामागून एक बाण भराभर सुटतात.

ही माहिती हाताशी ठेवून आता महाभारताचे आदिपर्व वाचा. निषादराज हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य द्रोणाकडे येतो. तो निषाद आहे म्हणून द्रोण त्याला नाकारतो. तो स्वतः शिकतो. भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात तो एका दमात सात बाण मारतो. पांडव थक्क होतात ते या झपाट्याने. मग द्रोण येऊन उजवा अंगठा मागतो. त्यानंतर काय झाले हे आपल्या शिक्षकांनी कधी सांगितले नाही, पण ग्रंथात ते आहे : एकलव्य पुढे बोटांनी धनुष्य ओढू लागला, पण पूर्वीइतका जलद राहिला नाही.

हे लिहिणाऱ्याला तिरंदाजी कळत होती. अंगठा गेला म्हणजे धनुर्विद्या गेली असे तो म्हणत नाही. झपाटा गेला, एवढेच म्हणतो. म्हणजे द्रोणाने रागाच्या भरात काहीतरी मागितले नाही. नेमका जो अवयव अर्जुनापेक्षा सरस ठरवत होता तोच त्याने मागितला. जाणकाराने जाणून केलेला हा घाव आहे. आणि ही भक्ती होती की कपट, हे ठरवायला आपल्याला बाहेरच्या साक्षीदाराची गरज नाही. द्रोणपर्वात कृष्ण स्वतःच अर्जुनाला सांगतो की तुझ्या हितासाठी त्या नैषादीला अंगठ्यापासून वेगळे केले गेले, आचार्यपणाच्या मिषाने, कपटाने. ज्यांच्या बाजूने हे घडले त्यांनी दिलेली ही कबुली आहे. गुरुपौर्णिमेच्या भाषणात आदिपर्व येते, द्रोणपर्व येत नाही.

महाभारत हा इतिहास आहे असे आम्ही मानत नाही. पण व्यवस्थेचे मन कसे चालते याचा तो दस्तऐवज नक्की आहे. ज्ञान नाकारायचे, तरीही कोणी मिळवलेच तर त्याची धार बोथट करायची, आणि मग त्या बोथट करण्यालाच त्याग म्हणून पूजायचे. हा तिसरा टप्पा सर्वांत घातक, कारण तो आपल्याच तोंडून वदवून घेतला जातो.

भिल्लाचा कामठा

भिल्ल या नावाचाच संबंध अनेक अभ्यासक द्राविडी भाषांतल्या धनुष्यवाचक शब्दाशी जोडतात. तमिळमध्ये 'विल्', कन्नडमध्ये 'बिल्लु'. सातपुड्यातल्या भिल्लाचा कामठा बांबूचा, आणि त्याची दोरीही बांबूच्याच कामटीची. बाणाला गरजेप्रमाणे लोखंडी पाते, किंवा पाखरासाठी बोथट टोक. सरळ बांबूचा कामठा मुघलांच्या धनुष्यासारखा आखूड आणि वळणदार नसतो. त्याची दोरी बोटांना चिमटत नाही. तर्जनी आणि मधले बोट यांच्यात बाण धरून तो ओढणे हेच सोयीचे. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षे मोठी लाकडी धनुष्ये अशीच बोटांनी ओढली गेली. हत्यार जसे तशी पकड, इतके हे साधे आहे.

यावर आदिवासी भागातला एखादा म्हातारा म्हणेल, 'आमच्या बापजाद्यांनी सांगितलंय, अंगठा लावायचा नाही, एकलव्याची आठवण म्हणून.' त्याच्याशी आमचे भांडण नाही. आठवण दोन प्रकारची असते. एक आरोपाची, एक आरतीची. अंगठा कापला गेला हे विसरू नका, असे म्हातारा सांगत असेल तर ती आरोपाची आठवण, आणि ती त्याच्या समाजाच्या मालकीची आहे. मोबाईलवरची फुले आरतीची आहेत. ती बाहेरून येतात.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आम्ही बौद्ध आहोत, भिल्ल-पावरा नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या पाड्यांवर कामानिमित्त जातो म्हणून त्यांच्या वतीने बोलण्याचा परवाना आम्हाला मिळत नाही. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेने आदिवासींचे दुःख त्यांनाच मंचावरून सांगणाऱ्यांना कधीच आरसा दाखवला आहे. म्हणून हा लेख प्रामुख्याने आपल्याच माणसांना उद्देशून आहे. अंगठ्याचा मजकूर पुढे पाठवण्याआधी हे वाचा, एवढेच.

निषादाची दुसरी गोष्ट

एकलव्याच्या गोष्टीला तोडीस तोड अशी दुसरी गोष्ट आपल्या उंबरठ्यावर आहे. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात, जे इसवी सनापूर्वीचे आहे, भिंतीवर श्याम जातक रंगवलेले आहे. रंग बरेच उडाले आहेत, पण कथा ओळखता येते.

पालीत या तरुणाचे नाव साम. त्याचे आईवडील निषादांच्या, म्हणजे शिकाऱ्यांच्या वस्तीत, त्यांच्या प्रमुखांच्या घरी जन्मलेले. पण हिंसा नाकारून वनात राहणारे, पुढे आंधळे झालेले. साम त्यांची सेवा करतो. एके दिवशी तो नदीवर पाणी भरायला जातो, आणि शिकारीला आलेला काशीचा राजा त्याला विषारी बाण मारतो. म्हणजे इथेही धनुष्य आहे, निषाद आहे, सत्ता आहे. फरक पुढे आहे. राजा आपला गुन्हा कबूल करतो, आंधळ्या आईवडिलांपुढे जाऊन उभा राहतो आणि तुमच्या मुलाच्या जागी मी तुमची सेवा करीन असे म्हणतो. शेवटी साम वाचतो.

एका परंपरेत निषादाच्या मुलाचा अंगठा घेणारा आचार्य पूज्य राहतो. दुसऱ्या परंपरेत निषादाच्या मुलावर बाण टाकणारा राजा गुन्हेगार ठरतो आणि त्याला कबुली द्यावी लागते. आपल्या मुलांना कोणती गोष्ट सांगायची, हे ठरवणे फार अवघड नसावे. खानदेशातून दरवर्षी कितीतरी शाळांच्या सहली अजिंठ्याला जातात. त्या भिंतीपुढे ही गोष्ट कोणी सांगते का, हे एकदा विचारून पाहा.

खानदेशात तिरकामठा कोणी काढून घेतला?

आता गोष्टींतून इतिहासात येऊ.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. सातपुडा, सातमाळा आणि डांगाच्या डोंगरांत भिल्ल नाईकांनी नव्या सत्तेला जुमानले नाही. डोंगरात पलटणी पाठवून भागेना, तेव्हा सरकारने धोरण बदलले. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल कोअर हे दल उभारण्याचे ठरले. जबाबदारी दिली जेम्स आउटरॅम या अवघ्या बाविशीतल्या अधिकाऱ्याकडे. त्याने भिल्लांबरोबर वाघाच्या शिकारी करून त्यांचा विश्वास मिळवला आणि त्यांनाच गणवेश चढवला. दलाचे ठाणे धरणगावला. आज जळगाव जिल्ह्यातल्या या गावातून जाताना कितीजणांना हे ठाऊक असते?

या दलाचा अर्थ नीट समजून घ्या. भिल्लाचा नेम, डोंगरातली चाल, माग काढण्याची हातोटी हे सगळे सरकारला हवे होते. ते फक्त सरकारच्या बाजूने चालले पाहिजे, एवढीच अट. डोंगरातल्या भिल्लाला पकडायला धरणगावचा भिल्ल. शस्त्र हातात, पण कोणावर रोखायचे ते दुसरा ठरवणार.

हे आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? महार सैनिक कंपनीच्या फौजेत लढले. १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून त्यांची भरती बंद केली गेली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी केली, युद्ध संपताच मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की लढवय्ये, गरज सरली की अस्पृश्य. भिल्लांच्या बाबतीत गरज पडली की शिपाई, गरज सरली की दरोडेखोर. दोन समाज, वागणूक एकच.

१८५७ च्या उठावात सातपुड्याच्या घाटांत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांनी बंड पुकारले. खाज्या नाईक आधी सरकारी नोकरीतच होता, सेंधव्याच्या घाटाची राखण करत होता. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे भिल्लांची आणि इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. डोंगरातल्या माणसाच्या हातातले हत्यार किती महाग पडू शकते, याचा धडा सरकारने घेतला.

आणि मग आले १८७८ साल. एकाच वर्षात दोन कायदे झाले. आमच्या मते खानदेशी एकलव्याचा अंगठा इथे कापला गेला.

पहिला, भारतीय शस्त्र कायदा. शस्त्र म्हणजे काय याची यादी त्याने दिली. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाण. होय, धनुष्यबाण स्पष्ट शब्दांत. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा, आणि सूट कोणाला द्यायची हे सरकार ठरवणार. जो कामठा बाप मुलाला करून देत होता, तो आता सरकारच्या मर्जीची वस्तू झाला.

दुसरा, भारतीय वन कायदा. त्याने जंगले राखीव करण्याची ताकद सरकारला दिली आणि राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणे गुन्हा ठरवला. आणि त्याच्या व्याख्येत 'झाड' या शब्दात बांबूही घातला. म्हणजे राखीव जंगलातून कामठ्यासाठी बांबू तोडणेही अपराध.

दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. हातातला कामठा एका कायद्यात अडकला. तो ज्या बांबूचा बनतो तो बांबू आणि तो ज्याच्यासाठी बनतो ती शिकार दुसऱ्या कायद्यात अडकली. द्रोणाला एक अंगठा मागावा लागला होता, तोही समोर उभे राहून. इथे कलकत्त्यात बसून कागदावर सही झाली आणि डोंगरच्या डोंगर कलमांखाली आले.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये एक प्रश्न विचारला होता. इथल्या खालच्या वर्गांनी इतका अन्याय सहन का केला? इतर देशांत झाल्या तशा सामाजिक क्रांत्या इथे का झाल्या नाहीत? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने या वर्गांना शस्त्र धरू दिले नाही, आणि शस्त्राशिवाय बंड शक्य नव्हते. विद्या नाही, शस्त्र नाही, म्हणून सुटका नाही. हे उत्तर वाचताना आपण बहुतेक वेळा आपल्याच वस्तीचा विचार करतो. सातपुड्याकडे पाहिले तर तेच उत्तर वेगळ्या बाजूने खरे होताना दिसते. जिथे चातुर्वर्ण्याचा हात पोचला नव्हता, जिथे माणसाकडे शस्त्र होते आणि तो बंड करत होता, तिथे ते शस्त्र काढून घेण्याचे काम वसाहतीच्या कायद्याने पुरे केले.

आज प्रश्न कोणता?

कोणी म्हणेल, मग काय, पुन्हा शिकार सुरू करायची? नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न उरलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरून त्यावरचा हक्क परत दिला, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. ते आम्हाला मान्य आहे. पण त्याचा एक अर्थ असाही आहे : तिरकामठ्याला आता एकच मोकळी जागा उरली, ती म्हणजे क्रीडांगण. मग त्या मैदानात सातपुड्यातल्या मुलाला जागा आहे का, हा प्रश्न उरतो.

जागा दिली तर काय होते याचे उदाहरण आहे. राजस्थानच्या उदयपूर भागातला आदिवासी मुलगा लिंबाराम बांबूच्या धनुष्याने रानात नेम धरायचा. १९८७ मध्ये सरकारी निवड चाचणीतून तो प्रशिक्षणाला आला. १९८८ मध्ये सेऊल ऑलिंपिकला भारताचा तिरंदाजी संघ पहिल्यांदाच उतरला, त्यात लिंबाराम होता आणि त्याच्यासारखाच राजस्थानातून आलेला श्यामलाल मीणाही. रान ते ऑलिंपिक, मध्ये फक्त एक वर्ष! १९९२ च्या आशियाई स्पर्धेत त्याने विश्वविक्रमाची बरोबरी केली. म्हणजे नेम होताच. हवे होते ते साधन, मैदान आणि नाकारणार नाही असा प्रशिक्षक.

महाराष्ट्रातही हे दिसले आहे. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातला प्रवीण जाधव अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीतून टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. दोघेही साताऱ्यात शेतात उभ्या केलेल्या मैदानावर घडले. शेतात मैदान होऊ शकते, तर पाड्यावर का नाही?

अडचण पैशाची आहे, हे खरे. स्पर्धेचे रिकर्व्ह धनुष्य, त्याचे बाण, साइट, स्टॅबिलायझर मिळून खर्च लाखांच्या घरात जातो. म्हणूनच आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे. साधे बांबू-लाकडाचे धनुष्य, ५० आणि ३० मीटरचे अंतर. गरीब मुलाला दार म्हणून तो ठीक. पण ऑलिंपिकमध्ये तो नाही. त्यापुढे रिकर्व्ह हातात देणारा कोणी नसेल तर दाराच्या आत भिंतच लागते. मुलगा बांबूवर जिल्हा, राज्य जिंकतो आणि तिथेच थांबतो. प्रवेश द्यायचा पण झपाटा द्यायचा नाही, ही जुनीच रीत.

आणि नावांचे वाटप पाहा. उत्तम खेळाडूला १९६१ पासून अर्जुन पुरस्कार. उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार. एकलव्याचे नाव कुठे? १९९७-९८ पासून आदिवासी मुलांच्या निवासी शाळांवर. शाळा हव्यातच, त्यांना आमचा विरोध नाही. पण बक्षीस अर्जुनाच्या नावे, गुरुपद द्रोणाच्या नावे आणि आदिवासी मुलाच्या फाटकावर एकलव्य, ही मांडणी सहज झालेली नाही. लिंबारामला १९९१ मध्ये पुरस्कार मिळाला, तोही अर्जुनाच्याच नावाचा. यावर वेगळे भाष्य करायची गरज नाही.

आपण काय करायचे?

आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांमध्ये तिरंदाजीचे मैदान मागा. शंभरेक मीटर मोकळी जागा, मागे मातीचा उंच बांध आणि पेंढ्याची लक्ष्ये, सुरुवातीला एवढे पुरते. ग्रामसभेचा ठराव करून मागा, म्हणजे उत्तर लेखी मिळेल.

दोन. कामठा बनवणाऱ्या जुन्या जाणत्या माणसांना शिक्षक म्हणून मानधन मिळाले पाहिजे. धम्मपदाच्या चित्तवग्गात चंचल मन सरळ करणाऱ्या शहाण्या माणसाला बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. ज्याच्या हातात ही कला आहे त्याला मिरवणुकीत पुढे चालवायचे आणि शाळेच्या पटावर घ्यायचे नाही, हे चालणार नाही.

तीन. इंडियन राउंडमध्ये राज्यापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक आदिवासी आणि दलित मुलाला रिकर्व्ह धनुष्य आणि प्रशिक्षण मिळेल, असा लेखी नियम मागा. आदिवासी विकास विभागाकडे आणि क्रीडा विभागाकडे, दोन्हीकडे.

चार. गुरुपौर्णिमेला आपल्या मुलांना शाळेत एकलव्य सांगितला गेला तर त्यांना घरी द्रोणपर्वातली कबुलीही सांगा, आणि अजिंठ्याच्या भिंतीवरचा सामही.

आपण दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या आठवणीसाठी जमतो. त्यानंतर नऊ दिवसांनी ९ ऑगस्ट येतो आणि खानदेशातल्या रस्त्यांवर तिरकामठे निघतात. आपण बहुतेकजण फुटपाथवर उभे राहून त्यांचे फोटो काढतो. या वर्षी लळिंगला वरच्या मागण्यांचे निवेदन तयार करू, आदिवासी संघटनांपुढे ठेवू, त्यांना त्यात जे बदलायचे ते त्यांनी बदलावे, आणि ९ ऑगस्टला ते जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात देताना त्यांच्या मागे चालू. पुढे नाही, मागे.

अंगठ्याचा मजकूर मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नका. त्याच्याखाली एवढेच लिहा : १८७८.

जय भीम! जोहार!